जुन्या बंगल्यातील फायरप्लेस आणि अंगणातील शेकोटीचा कट्टा : पाचगणी परिसरात कारागीर कसा निवडावा?

जुनाबंगला_दांडेघर

नमस्कार. पाचगणीजवळ दांडेघरच्या बाजूला आमचा वडिलोपार्जित बंगला आहे. जांभ्याच्या जाड भिंती, सागवानी वासे, वर मंगलोरी कौले आणि दिवाणखान्यात दगडी फायरप्लेस अशी त्याची रचना आहे. वडिलांच्या लहानपणी थंडीत ती रोज पेटत असे, पण पुढे घर बंद राहू लागले आणि तिच्या तोंडाशी फळी ठोकली गेली. मध्यंतरी आम्ही घराची डागडुजी केली, वारा आत घेणाऱ्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, आणि येत्या थंडीपासून दोन खोल्या निवास-न्याहारी पद्धतीने पाहुण्यांना द्याव्यात असे ठरवले. त्यासाठी ती फायरप्लेस पुन्हा चालू करावी आणि अंगणात शेकोटीसाठी कायमस्वरूपी गोल कट्टा बांधून घ्यावा, अशी इच्छा आहे.

तिघांना बोलावून जागा दाखवली. पहिल्याने मोबाइलवरचे छायाचित्र दाखवून अगदी असाच कट्टा करून देतो असे सांगितले आणि उक्ता दर दिला. आत लोखंडी पिंप बसवायचे आणि बाहेरून जांभा व सिमेंटने बांधायचे, असा त्याचा बेत आहे. दुसऱ्याने फायरप्लेसचे धुराडे एका दिवसात साफ करून देण्याचे आश्वासन दिले, मात्र कौलांवर चढून त्याने काही पाहिले नाही. तिसरे गवंडी वयस्कर आहेत आणि फार बोलले नाहीत. चुली पुष्कळ बांधल्या, धुराडी दुरुस्त केली, पण फायरप्लेस पहिल्यापासून कधी बांधलेली नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. तिघांच्या दरांत मोठी तफावत आहे आणि सांगण्यात मेळ नाही.

यांपैकी कोणाला काम द्यावे, काम देण्यापूर्वी काय तपासून घ्यावे, आणि पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी कोणती काळजी घ्यावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. जांभ्याचे चिरे अंगणात आधीच येऊन पडले आहेत, हेही नमूद करतो.


वाई_स्थापत्य

मी वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, आपण ज्याला एक काम समजत आहात ती दोन अगदी वेगळी कामे आहेत आणि ती एकाच माणसाला एकाच दरात देऊ नयेत. अंगणातला कट्टा नव्याने बांधायचा आहे. तिथे साहित्य योग्य वापरले आणि जागा नीट निवडली की निम्म्याहून अधिक काळजी मिटते. फायरप्लेसचे तसे नाही. तिथे अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी बांधलेले आणि आज भिंतीच्या पोटात दडलेले धुराडे आहे, आणि त्याची अवस्था पाहिल्याशिवाय कोणीही दर सांगत असेल, तर तो कामाचा दर नसून अंदाज आहे. कौलांवर न चढता सफाईचे आश्वासन देणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

आपल्या भागातल्या जुन्या धुराड्यांबाबत एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. त्या भूकंपात जी घरे उभी राहिली, त्यांच्याही धुराड्यांना पुष्कळदा तडे गेले, कारण छपराच्या वर सुटे उभे असलेले धुराडे हे इमारतीतले सर्वांत जास्त हलणारे अंग असते. छपराबाहेरचा भाग नंतर डागडुजी होऊन नीट दिसतो. तडा राहतो तो कौलांखाली, माळ्याच्या अंधारात, जिथे कोणी पाहत नाही. नेमके त्याच ठिकाणी सागवानी तुळई धुराड्याला टेकलेली असते. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून कोळशासारखे होत जाते आणि मग ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेट घेते. घर आजवर जळले नाही म्हणून ते सुरक्षित आहे, असा निष्कर्ष यामुळेच काढता येत नाही.

म्हणून आधी तपासणी. फळी काढून, टॉर्च आणि आरसा घेऊन खालून पाहा. वरून दोरीला बांधलेला मोबाइल चित्रीकरण चालू ठेवून हळूहळू आत सोडता येतो, आणि त्यात निखळलेले चिरे, झडलेला चुन्याचा गिलावा, पक्ष्यांची घरटी असे बरेच काही दिसते. बंद धुराडी ही सातेरी मधमाश्यांची आवडती जागा असते. पोळे असेल तर धूर करून माश्या पळवू नका. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे आणि परिसरात प्रशिक्षित मधपाळ आहेत. वसाहत अलगद पेटीत घेऊन जाणारा माणूस सहज मिळतो. मात्र पोळे काढल्यावर मागे उरलेले मेणही खरवडून काढायला हवे, कारण तेही जळते.

धुराडे मोकळे झाले की धुराची चाचणी घ्यावी. घराची दारे-खिडक्या सताड उघडी ठेवून फायरप्लेसमध्ये मूठभर सुके गवत पेटवायचे, त्यावर थोडे ओलसर गवत टाकायचे, आणि धूर वरून बाहेर पडू लागला की धुराड्याचे तोंड ओल्या गोणपाटाने थोडा वेळ झाकायचे. एक माणूस माळ्यावर, एक शेजारच्या खोलीत. माळ्यावरच्या माणसाने टॉर्चचा झोत भिंतीला समांतर धरावा. तडा असेल तर चिऱ्यांच्या सांध्यातून धुराची केसासारखी बारीक रेघ निघते, झोतात ती वळताना स्पष्ट दिसते, आणि लगेच खडूने तिथे खूण करून ठेवता येते. या चाचणीला साहित्याचा खर्च जवळजवळ नाही, आणि ज्या कारागिराला ती माहीत आहे व जो ती आपल्यासमोर करायला तयार आहे, त्याच्याशी पुढचे बोलणे करण्यात अर्थ आहे.

आता माणूस कोण. 'फायरप्लेस बसवून देणारे' म्हणून शहरातून येणारे बहुतेक जण सजावटीचे काम करतात. त्यांची समोरची चौकट सुंदर असते, पण तिच्या मागच्या उष्णतेच्या कामाचा त्यांना अनुभव असतोच असे नाही. खरी जाण असलेली माणसे आपल्याच भागात आहेत, फक्त त्यांना या नावाने कोणी हाक मारत नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अस्तर लावणारे गवंडी, कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये भट्ट्यांची दुरुस्ती करणारे, लाकडावर चालणाऱ्या जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधणारे आणि गुऱ्हाळाचे चुलवाण रचणारे हे सगळे रोजच्या रोज आगीशी व्यवहार करतात. चुलवाण बांधणाऱ्याला हवा कुठून आत घ्यायची आणि धूर कुठून ओढून न्यायचा हे हाताला ठाऊक असते. कारखान्यांची डागडुजीची घाई उन्हाळा-पावसाळ्यात असते. गाळप सुरू झाले की त्यांच्या अस्तर लावणाऱ्या गवंड्यांना सवड मिळण्याची शक्यता जास्त.

माझा सल्ला असा की, आपल्याकडे आलेले तिसरे वयस्कर गवंडी ठेवावेत आणि आतल्या अस्तरापुरता त्यांच्या जोडीला असा एक भट्टीचा कारागीर आणावा. जांभ्याची भिंत, कौले, पावसाचे पाणी हे गवंड्याला कळते आणि आग भट्टीवाल्याला कळते. ही दोन्ही ज्ञाने एकाच माणसात क्वचित असतात, आणि त्यांना एका जागी आणणे हे घरमालकालाच करावे लागते. स्वतःला काय येत नाही हे ज्याने न विचारता सांगितले, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

साहित्याबद्दल. आगीला लागणारा आतला थर साध्या विटांचा आणि सिमेंटचा असू नये. सिमेंटच्या गिलाव्यातला एक घटक सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला विघटित होतो, थंड झाल्यावर हवेतली ओल पुन्हा शोषून फुगतो, आणि एक-दोन हंगामांत सांधे भुसभुशीत होतात. भट्टीच्या विटा, म्हणजे फायर ब्रिक, ९ × ४.५ × ३ इंच या मापात मिळतात. विक्रेत्यांकडे आयएस ६ आणि आयएस ८ असे प्रकार असतात आणि घरगुती कामाला आयएस ६ पुरेशी होते. सांधे फायर क्लेच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या, मसाल्याचे आणि जेमतेम २-३ मिलिमीटर जाडीचे असावेत. एखादा कारागीर या विटांना बोटभर जाडीचा सांधा भरू लागला, तर त्याने हे काम पूर्वी केलेले नाही असे समजावे.

धुराड्याच्या आकाराचाही हिशेब करून घ्या. पोकळीचे क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण एक दशांश असावे लागते. तोंड ९० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच असेल, तर पोकळी साधारण २६ × २६ सेंटिमीटरची हवी. नूतनीकरणात कोणी तोंड मोठे केले असेल, तर धूर खोलीत येणारच, मग धुराडे कितीही स्वच्छ असो.


ओहायोहून_मराठी

वरचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे. मी अनेक वर्षे अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथे फायरप्लेस ही घरोघरची गोष्ट असल्यामुळे तिच्याभोवती नियमांची एक व्यवस्था उभी राहिली आहे, आणि तिच्यातले काही मोजमाप आपल्याला पाचगणीतही वापरता येईल म्हणून लिहितो.

इथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए २११ या मानकानुसार धुराड्याची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. तपासणीचे तीन स्तर आहेत. नेहमीच्या वापरात काही बदल नसेल तर पहिला स्तर पुरतो. घर विकले जात असेल, भूकंप झाला असेल किंवा धुराड्यात आग लागून गेली असेल, तर दुसरा स्तर लागतो आणि त्यात कॅमेरा आत सोडून संपूर्ण पोकळी पाहिली जाते. तिसऱ्या स्तरात शंका असलेला भाग उकलून पाहतात. तुमची फायरप्लेस भूकंप पाहिलेली आणि दीर्घकाळ बंद असलेली आहे, तेव्हा तिला दुसऱ्या स्तरापेक्षा कमी तपासणी चालणार नाही, असे मी म्हणेन.

धुराड्याची उंची ही दुसरी बाब. ते छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर असावे, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्यापेक्षा किमान २ फूट उंच असावे. कौलारू छप्पर दुरुस्त करताना धुराड्याचे वरचे थर काढून टाकलेले असतील, तर वारा उलटा फिरून धूर खाली लोटतो. फायरप्लेसच्या तोंडासमोर न जळणारी फरशी किमान १६ इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना ८ इंच असावी. तोंडाचे क्षेत्रफळ ६ चौरस फूट किंवा अधिक असेल, तर २० इंच आणि १२ इंच. लाकडी तक्तपोशी किंवा गालिचा या हद्दीच्या आत येऊ देऊ नये.

अंगणातल्या शेकोटीबद्दल इथल्या अग्निसुरक्षा संहितेत सर्वसाधारण नियम असा आहे की, ३ फूट व्यासाची आणि २ फूट उंचीपर्यंतची उघडी शेकोटी कोणत्याही इमारतीपासून किंवा जळणाऱ्या वस्तूपासून २५ फूट दूर असावी. कौलांखालचे वासे, पडव्या आणि पावसाळ्यात भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी जर उशिरापर्यंत काढलेल्या नसतील, तर मी हे अंतर आणखी वाढवीन. तसेच इथे अंगणात खड्डा खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते आणि जमिनीखालच्या वाहिन्यांच्या जागी खुणा करून मिळतात. तुमच्याकडे ती सोय नसली तरी पाण्याची जुनी नळवाट, मलटाकी आणि अंगणदिव्यांची वायर कुठून गेली आहे, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारूनच कुदळ मारावी.

सफाईबद्दल एक गोष्ट राहिली. ओले लाकूड मंद जळले की त्याचा धूर थंड धुराड्यात गोठून डांबरासारखा चिकट काळा थर बसतो. तो नुसत्या झाडूने निघत नाही आणि पेटला तर धुराड्यातच भडका उडतो. हा थर ३ मिलिमीटरच्या आसपास झाला की फायरप्लेस पेटवणे थांबवून सफाई करून घ्यावी, असा इथे संकेत आहे.


भिषक_सातारा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. वर भिंती आणि धुराड्यांची चर्चा चांगली झाली आहे. मी पाहुण्यांबद्दल लिहितो.

बंद खोलीत आग असेल तर मोठा धोका ज्वाळेचा नसून कार्बन मोनॉक्साइडचा असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. घाटातल्या वळणांच्या प्रवासाने थकून आलेल्या पाहुण्याला तीच लक्षणे प्रवासामुळे वाटतात आणि तो झोपून घेतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर दुसरे कोणतेही कारण शोधण्याआधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नये. साधा ऑक्सिमीटर या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखू शकत नाही आणि आकडा ९८ दाखवतो.

ज्वाळा विझून निखारे उरले की लोक निर्धास्त होतात, पण धुमसते निखारे हा वायू भरपूर देतात. फायरप्लेसच्या धुराड्याला झडप असेल, तर राख पूर्ण थंड होईपर्यंत ती बंद करायची नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. थंडीचा वारा येतो म्हणून रात्री पाहुणेच झडप लोटून देतात, असे घडू शकते. तेव्हा तिचा दांडा पाहुण्यांच्या हाताला लागणार नाही अशी व्यवस्था करावी. खोलीत कोळशाची शेगडी तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

झोपण्याच्या प्रत्येक खोलीत आणि दिवाणखान्यात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावावे. ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ या मानकाचे यंत्र घ्यावे, त्यावरची मुदत पाहावी आणि महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून आवाज येतो ना हे बघावे. धुराची सूचना देणारे यंत्र वेगळे असते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.


जुनाबंगला_दांडेघर

सर्वांचे मनापासून आभार. तीन गोष्टी अजून विचारतो. नव्या बंद खिडक्यांमुळे फायरप्लेसवर परिणाम होईल का? अंगणात आलेले जांभ्याचे चिरे कट्ट्याला वापरता येतील का? आणि लाकडाऐवजी गॅसवर चालणारी शेकोटी केली तर अधिक सुरक्षित ठरेल का? तसेच मजुरी आणि हप्ते कसे ठरवावेत, याबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल.


वेल्हे_शेतघर

मजुरी आणि हप्त्यांबद्दल मी लिहितो. वेल्ह्याकडे आमचे शेतघर आहे, पाहुणे येतात, आणि शेकोटीचा कट्टा गावातल्याच माणसांकडून बांधून घेतला आहे.

सगळे काम उक्ते देऊ नका. उक्त्या कामात कारागिराचा फायदा लवकर उरकण्यात असतो, आणि आगीचे अस्तर हे उरकण्याचे काम नव्हे. पाया, बाहेरचे दगडकाम, बसायचे बाक हे उक्ते द्यायला हरकत नाही. आतले अस्तर, धुराड्याची दुरुस्ती आणि चाचणी रोजंदारीवर करून घ्यावी. भट्टीच्या विटा आणि फायर क्ले स्वतः विकत आणावे, म्हणजे त्यांच्या जागी दुसरे काही वापरले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. इसार बेताचा द्यावा. शेवटचा हप्ता पहिली मोठी आग पेटवून, धूर नीट जातो आणि कुठे तडा जात नाही हे पाहूनच द्यायचा, असे आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कागद साध्या मराठीत असावा आणि कारागिराला वाचून दाखवावा. आमच्या गावातल्या गवंड्याला हे अपमानाचे वाटेल अशी भीती होती, पण त्यालाच ते आवडले, कारण त्याचेही पैसे कधी मिळणार हे त्यात लिहिलेले होते.

धुराड्यासाठी कौलांवर चढावे लागणार आहे, तेव्हा परांची, दोर आणि कमरपट्टा यांचा खर्च वेगळा धरून तो आपण द्यावा. शेवाळलेल्या कौलांवर नुसत्या शिडीच्या आधारे माणूस चढवू नये. कारागीर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला आहे का, हेही विचारा. आदल्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती नोंदणी करता येते, आणि अपघात झाल्यास त्याच्या घरच्यांना आधार होतो. नोंदणी नसेल, तर ती करून घेण्यास मदत करावी. आपल्या घरासाठी छपरावर चढणाऱ्या माणसासाठी एवढे करणे मला आवश्यक वाटते.

वणव्याकडे दुर्लक्ष नको. फेब्रुवारीपासून वळवाच्या पावसापर्यंत सह्याद्रीत गवत काडीसारखे पेटते आणि संध्याकाळचा वारा ठिणगी कुठे नेईल याचा नेम नसतो. कट्ट्याभोवतीची माती साफ ठेवा आणि आवाराच्या कडेने वन विभाग काढतो तशी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत नाहीसे केलेला पट्टा, दरवर्षी काढा. वारा असेल त्या दिवशी शेकोटी नाही, मग पाहुणे कितीही आग्रह करोत. लाकूड वखारीतून घ्यावे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा झाड तोडण्याचा विचारही करू नका आणि कट्टा बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीत लेखी विचारणा करून ठेवा. पडलेल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या फोडून छपराखाली पूर्ण वाळवल्या तर चालतात. वाळलेली दोन फाटी एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज येतो. ओल्या फाट्यांचा आवाज बद्द येतो. प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या आणि रंगवलेले जुने लाकूड शेकोटीत जाता कामा नये, त्यांचा धूर विषारी असतो.


वाई_स्थापत्य

राहिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे देतो.

खिडक्यांचा परिणाम नक्की होईल, आणि आपण हे विचारले ते फार चांगले केले. आग जेवढी हवा धुराड्यातून बाहेर ढकलते, तेवढी हवा खोलीत कुठूनतरी यावी लागते. जुन्या खिडक्यांच्या फटींतून ती येत असे. नव्या खिडक्या घट्ट बंद झाल्या की हवा धुराड्यातूनच खाली ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूरही येतो. त्याच वेळी स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल, तर हा प्रकार हमखास होतो. फायरप्लेसजवळच्या बाहेरच्या भिंतीत खालच्या बाजूस जाळी लावलेला, बंद न करता येणारा हवेचा झरोका ठेवावा. वर डॉक्टरांनी सांगितलेल्या धोक्यावर यंत्रे लावणे आवश्यक आहेच, पण मूळ उपाय हा झरोका आहे.

जांभा बाहेरून वापरा, आतून नको. जांभा सच्छिद्र असतो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीत त्याहून बराच कमी, तरीही पावसाळाभर उघड्यावर असलेला चिरा पोटात पाणी धरून बसतो. आगीजवळ त्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि दगडाचे टवके उडून अंगावर येतात. नदीतले गोल गोटे शोभेसाठी आत रचतात, तेही याच कारणाने टाळावेत. कट्ट्याच्या आत भट्टीच्या विटांचे कडे, मग बोटभर मोकळी फट, आणि तिच्या बाहेर जांभा, अशी रचना ठेवावी. तापलेले आतले कडे फुगले तरी बाहेरचा दगड फुटत नाही. तळाशी ६ ते ८ इंच खडी भरावी, पाणी निघून जाण्यासाठी वाट ठेवावी आणि पावसाळ्यात पत्र्याचे झाकण घालावे. पहिल्या ठेकेदाराने सांगितलेले पिंप आत बसवू नका. त्याला रंग किंवा जस्ताचा मुलामा असेल, तर तापल्यावर निघणारा धूर श्वासावाटे जाऊन ताप भरतो, आणि आत पूर्वी काय साठवले होते ते आपल्याला कळत नाही.

गॅसची शेकोटी ठिणग्यांपासून सुरक्षित असते, पण तिचा धोका निराळा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो उडून जात नाही, कट्ट्याच्या खोलगट भागात साचून राहतो. बर्नरखालच्या कप्प्याला समोरासमोरच्या बाजूंना तळाजवळ झरोके हवेत आणि सिलिंडर खड्ड्यापासून दूर, उभा, मोकळ्या हवेत हवा. पाहुण्यांच्या व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. जोडणी गॅस वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्यावी. हे काम गवंड्याचेही नाही आणि भट्टीवाल्याचेही नाही.

काम पूर्ण झाल्यावर लगेच मोठी आग पेटवू नका. फायर क्लेचे सांधे आधी काही दिवस सावलीत वाळू द्यावेत, मग रोज थोडी थोडी वाढवत लहान आगी कराव्यात. पहिल्याच दिवशी मोठे ओंडके टाकले, तर ओल वाफ होऊन सांधे उघडतात. धुराड्याच्या तोंडावर पावसासाठी टोपी आणि ठिणग्या अडवण्यासाठी अर्धा इंचाहून मोठी छिद्रे नसलेली पोलादी जाळी बसवून घ्या. राख लोखंडी झाकणाच्या डब्यात, लाकडी जमिनीपासून दूर ठेवा, कारण राखेखाली निखारा एक-दोन दिवसही जिवंत राहू शकतो. तापलेल्या विटांवर पाणी ओतू नका, वाळूच्या दोन बादल्या आणि एक एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे जवळ ठेवा, आणि ते कसे वापरायचे हे घर सांभाळणाऱ्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. अग्निशमन दलाचा १०१ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक पाहुण्यांच्या खोलीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावा.

तपासणीसाठी कौलांवर चढण्याचा दिवस ठरला की कळवा. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर, गवत वाळण्याच्या आधी हे काम करावे. त्या सुमारास मी पाचगणीत असेन आणि माळ्यावर टॉर्च धरून उभा राहीन.